झोपताना एक चमचा

लहान मुलाला शी झाली की नाही, हे घरभर मोठ्याने विचारलं जातं. झाली तर कौतुकही होतं. तोच प्रश्न सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारायचा तर आधी दार लोटून घ्यावं लागतं, आवाज खाली आणावा लागतो, आणि तरीही उत्तर बहुतेकदा ‘ठीक आहे’ एवढंच येतं. आईच्या शेवटच्या काही वर्षांत मी तिच्याजवळ होते. गुडघे, झोप, कमी झालेली नजर, गेलेली माणसं, सगळ्याविषयी ती मोकळेपणी बोलायची. पोटाविषयी मात्र नाही. त्या विषयावर तिच्या वतीने उशाशी ठेवलेली चूर्णाची डबी बोलायची. झोपताना एक चमचा, कोमट पाण्याबरोबर.

अशी डबी ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे बहुधा असतेच. ती कुणी दिली, कधी सुरू झाली, हे विचारलं तर कुणालाच आठवत नाही. डॉक्टर चालू औषधं विचारतात तेव्हा रक्तदाबाची गोळी सांगितली जाते, साखरेची सांगितली जाते, पण चूर्ण राहून जातं. ते ‘औषध’ नाही, ‘झाडपाल्याचं’ आहे, म्हणून. मला त्या चमच्याविषयी लिहायचं आहे. त्यात खरीखुरी ताकद असते याची मला खात्री आहे, आणि त्याच कारणाने तो इतक्या बेफिकिरीने दिला-घेतला जाऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

आधी कोठा का बांधला जातो ते पाहू. वय झालं, आतडी थकली, असं सरसकट म्हटलं जातं. वयाचा वाटा असतो, पण एकटं वय क्वचितच कारणीभूत असतं. तहान कमी लागते. रात्री उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी टाळलं जातं. दात जातात, कवळी टोचते, मग चावून खायचं सगळं ताटातून हळूहळू जातं आणि मऊ, चोथा नसलेलं तेवढं उरतं. चालणं घटतं. गुदाशय भरल्याची जाणीव बोथट होते. काहींचे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ऐन वेळी सैल पडण्याऐवजी आवळून येतात. अशा माणसाला नुसत्या रेचकांनी फारसं सुख मिळत नाही, त्या स्नायूंना नव्याने वळण लावणारा बायोफीडबॅकचा उपचार लागतो. थायरॉइड मंदावलेला असतो, मधुमेह जुना झालेला असतो. पार्किन्सनमध्ये तर हाताला कंप सुटण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून बद्धकोष्ठता असू शकते.

आणि गोळ्या. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक, वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेली गोळी, नैराश्यावरची जुन्या पिढीतली औषधं, रक्तदाबासाठीचं व्हेरापामिल. यातलं प्रत्येक औषध आतड्यांची चाल मंदावू शकतं, आणि म्हाताऱ्या माणसाच्या डब्यात यातली दोन-तीन एकत्र सापडणं अगदी नेहमीचं आहे. सकाळच्या गोळीने कोठा बांधायचा आणि रात्रीच्या चूर्णाने तो सोडवायचा, असं वर्षानुवर्षं चालू राहतं. दोन्हींचा हिशोब एका ठिकाणी कुणी मांडलेला नसतो.

यापलीकडे आणखी एक कारण आहे आणि ते मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. ज्याला दुसऱ्याच्या आधाराशिवाय संडासला जाता येत नाही, तो कळ आली तरी हाक मारत नाही. सून स्वयंपाकात आहे, मुलगा फोनवर आहे, मग थोडं थांबू. थोडं थांबलं की कळ जाते. आतडं थांबलेल्या मलातलं पाणी शोषत राहतं, तो कडक होतो, दुसऱ्या दिवशी दुखतं, आणि दुखतं म्हणून पुन्हा टाळलं जातं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय अडवू नयेत अशा तेरा वेगांविषयी आहे, आणि मलाचा वेग त्यांत अगदी सुरुवातीला येतो. संकोचापायी वेग मारणाऱ्या माणसाला पहिलं औषध म्हणून हाक मारायची मोकळीक हवी असते. आईला ती मिळायला वेळ लागला. तिच्या हाताशी एक छोटी घंटा ठेवली, तेव्हा कुठे ती मिळाली, कारण घंटा वाजवताना तोंडाने काही सांगावं लागत नव्हतं.

आता डबीत काय असतं ते बघू. पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांमध्ये नावं दहा असली तरी सकाळी जो परिणाम दिसतो त्याचा मोठा भाग एकाच घटकाचा असतो, सोनामुखीचा. मध्ययुगातल्या अरबी वैद्यांनी या पाल्याचा वापर दूरवर पोचवला. आजही तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचं नाव सोनामुखीच्या व्यापारात घेतलं जातं. या पानांचं काम कसं चालतं ते कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. पानातली सेनोसाइड नावाची द्रव्यं जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ जशीच्या तशी पुढे जातात. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जंतू त्यांना जोडलेली साखर तोडतात, आणि तेव्हा कुठे खरं काम करणारं द्रव्य, ऱ्हाइन अँथ्रोन, तयार होतं. म्हणजे या औषधाची शेवटची कृती आपल्याच पोटात, आपल्याच जंतूंच्या हातून पुरी होते. या प्रवासाला साधारण सहा ते बारा तास लागतात, आणि झोपताना घेतलेला चमचा सकाळी काम करतो तो म्हणून. आर्थर श्टोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेनोसाइड वेगळी काढली ती १९४० च्या दशकात. ‘झोपताना घ्या’ हे त्याच्या कित्येक शतकं आधी लोकांना अनुभवाने ठाऊक होतं.

सोनामुखीविषयी दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ती अगदी निरुपद्रवी आहे. दुसरं म्हणजे तिची सवय लागते आणि आतडं कायमचं आळशी होतं. दुसरी भीती एके काळी डॉक्टरांनीही पसरवली होती. योग्य मात्रेत घेतल्यास आतड्याच्या नसा निकामी होतात याला आज भक्कम आधार नाही. दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याचं अस्तर काळपट दिसतं, पण तो रंग घातक नसतो आणि औषध थांबवल्यावर हळूहळू जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सेन्ना, म्हणजे सोनामुखीच, आहे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संघटनांनी २०२३ मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही प्रौढांच्या जुनाट बद्धकोष्ठतेसाठी सेन्नाची शिफारस आहे. ती सशर्त आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पावडरीची शिफारस ठाम आहे, आणि हा फरक घरी चूर्ण देणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवा.

म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत खरा धोका वेगळाच असतो. मात्रा थोडी जास्त झाली की पोटात मुरडा येतो, पातळ होतं, शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम जातं. तरुण माणूस दिवसभरात भरून काढतो. ज्याला हृदयासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्याचं पोटॅशियम आधीच घसरलेलं असू शकतं, आणि सोबत डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध असेल तर त्या घसरणीने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. याहून साधा धोका म्हणजे पहाटेची घाई. अंधार, गुंगीची गोळी, सुटलेली चप्पल, आणि आता थांबणार नाही अशी कळ. पडून खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाच्या कागदांवर ‘रेचक’ हा शब्द कुठेही येत नाही. मी आईच्या खोलीपासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा दिवा लावला आणि भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला. चूर्ण देणाऱ्या प्रत्येकाने हे चूर्णाबरोबरच करावं, असं मी सांगेन.

इसबगोलाची गोष्ट अगदी निराळी. त्यात आतड्याला हुसकावणारं काही नाही. बियांवरचं ते पातळ साल पाणी धरून फुगतं, त्याचा बुळबुळीत लगदा होतो, आतड्यातले जंतू त्याला फारसे कुजवत नाहीत, म्हणून ते धरलेल्या पाण्यासकट शेवटपर्यंत पोचतं आणि मल मऊ ठेवतं. परिणाम दिसायला अर्ध्या दिवसापासून तीन दिवस लागतात. एका रात्रीत काही झालं नाही म्हणून चमचे वाढवणारे पुष्कळ भेटतात. वाढवायचं ते सावकाश, नाहीतर पोट फुगून माणूस हैराण होतो.

पण इसबगोलाचं सगळं भलेपण पाण्यावर उभं आहे. एका मात्रेला निदान एक मोठा पेला, सुमारे २४० मिलिलिटर पाणी लागतं. दोन घोट पाण्याबरोबर घेतलेलं साल घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतं, आतड्यात घट्ट गोळा होऊन मार्ग बंद करू शकतं. ज्याला पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनमुळे गिळायला त्रास होतो त्याला ते देऊ नये. जो अंथरुणाला खिळला आहे आणि पाणीही जेमतेम पितो, त्यालाही नाही. आणि ज्याला हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी मोजून पाणी प्यायला सांगितलं आहे, त्याच्यासाठी ‘भरपूर पाण्याबरोबर घ्या’ ही सूचना पाळण्याजोगी नसते, हे कुणीतरी थांबून ध्यानात घ्यायला हवं. इसबगोल इतर गोळ्यांनाही आपल्यात धरून ठेवू शकतं, म्हणून मध्ये दोनेक तासांचं अंतर हवं. आणि घेऊन लगेच आडवं होऊ नये. आपल्याकडे मात्र इसबगोलही झोपतानाच दिलं जातं, कारण सगळी पोटाची औषधं एकाच वेळची अशी समजूत पक्की बसलेली आहे.

जुन्या वैद्यांनी हे असं सरसकट केलेलं नव्हतं. चरकसंहितेत सुखाने रेचन करणाऱ्यांत निशोत्तर श्रेष्ठ, सौम्य रेचन करणाऱ्यांत बाहवा श्रेष्ठ आणि तीक्ष्ण रेचन करणाऱ्यांत निवडुंगाचा चीक श्रेष्ठ, अशी प्रतवारी आहे. कल्पस्थानात बाहव्यासाठी वेगळा अध्याय आहे आणि बालक, वृद्ध, जखमी, क्षीण आणि नाजूक प्रकृतीच्या माणसांना तो विशेष करून द्यावा असं सांगितलं आहे, कारण तो मृदू आहे आणि त्यातून अपाय होत नाही. शेंगेतला तो काळसर, चिकट, गोडूस गर. त्यातही सोनामुखीच्याच कुळातली द्रव्यं आहेत हे आज रसायनशास्त्र सांगतं, तेव्हा त्यालाही मात्रा आहेच. तरी मला मोह पडतो तो या विचाराचा. औषध निवडण्याआधी समोर कोण आहे ते बघितलं गेलं. त्याचं वय, त्याची ताकद, त्याचा कोठा मृदू की क्रूर, हे विचारलं गेलं. म्हातारपणी वात वाढतो आणि पक्वाशय, म्हणजे मोठं आतडं, हे वाताचं मुख्य स्थान, म्हणून कोरडेपणावर तूप, तेल, गुदमार्गाने द्यायची तेलाची बस्ती असा विचार झाला. आज आपण परंपरेचं नाव घेतो आणि तिच्यातली ही विचारपूस तेवढी गाळून टाकतो. वीस वर्षांच्या नातवाला आणि ऐंशी वर्षांच्या आजीला एकाच डबीतला तोच चमचा.

एरंडेल त्याच परंपरेतलं, आणि तिच्याबाहेरचंही. इजिप्तमधल्या सुमारे इसवी सनपूर्व १५५० च्या एबर्स पपायरसमध्ये एरंडाचा उल्लेख आहे. ते कसं काम करतं याचा धागा सापडायला २०१२ उजाडावं लागलं. त्या वर्षी जर्मनीतल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की एरंडेलातून सुटणारं रिसिनोलिक आम्ल आतड्याच्या स्नायूंवरच्या ईपी३ या एका विशिष्ट ग्राहीला (रिसेप्टरला) चालना देतं. दोन ते सहा तासांत जोरात काम होतं. अशक्त म्हाताऱ्या माणसाला ते रोज द्यायचं औषध नव्हे, हे वैद्यही सांगतात आणि डॉक्टरही. जमालगोट्याला तर घरात जागाच नको.

परंपरेची विचारपूस आणि आजची कसोटी एकत्र येऊ शकतात, याचं एक चांगलं उदाहरण हाँगकाँगचं आहे. तिथे ‘मा झी रेन वान’ या चिनी काढ्याची चाचणी झाली. जवळपास अठराशे वर्षांपूर्वीच्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या ग्रंथातला हा योग. भांगेच्या झाडाचं बी, जर्दाळूच्या आठळीतला गर, पिओनीचं मूळ, संत्र्याच्या जातीचं कच्चं फळ, मॅग्नोलियाची साल आणि रेवाचिनी अशी सहा द्रव्यं. रुग्ण निवडताना चिनी वैद्यकाचंच निदान वापरलं, ज्या प्रकारच्या बद्धकोष्ठतेला हा योग लागू आहे असं ते शास्त्र म्हणतं तेच रुग्ण घेतले, आणि मग निम्म्यांना खरा काढा, निम्म्यांना तसाच दिसणारा खोटा दिला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० जणांच्या चाचणीत उपचारादरम्यान खऱ्या काढ्याने ४३.३ टक्के लोकांना गुण आला, खोट्याने ८.३ टक्क्यांना. पुढच्या २९१ जणांच्या चाचणीत काढा, सेन्ना आणि खोटं औषध अशी तीन बाजूंनी तुलना झाली. उपचार चालू असताना काढा आणि सेन्ना फारसे दूर नव्हते, पण औषध थांबवल्यानंतरच्या काळात काढा घेतलेल्यांचा गुण कितीतरी जास्त टिकला. त्रिफळा, बाहवा, एरंडभृष्ट (एरंडेलात परतलेला) हिरडा, यांच्यावर म्हाताऱ्या माणसांत अशा नेटक्या, मोठ्या चाचण्या व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं. त्रिफळा सौम्य आहे, पुष्कळांना मानवतो, आईलाही मानवायचा. पण ‘मानवतो’ आणि ‘सिद्ध झालं आहे’ यांच्यामधलं अंतर भरून काढायचं काम त्रिफळ्यावर प्रेम करणाऱ्यांचंच आहे.

डबीतल्या उरलेल्या गोष्टींविषयी थोडक्यात. चव आणि गुण म्हणून ज्येष्ठमध घातलेला असतो. तो जास्त दिवस, जास्त प्रमाणात पोटात गेला तर शरीरात मीठ आणि पाणी साठतं, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं, म्हणजे सोनामुखी जिथे घाव घालू शकते नेमकं तिथेच. सैंधव किंवा पादेलोण असेल तर ते मीठच आहे, ज्याच्या जेवणातलं मीठ तोडलं आहे त्याच्या चमच्यातलंही मोजायला हवं. ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये २००८ साली आलेल्या तपासणीत इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. ती सगळी पोटाची औषधं नव्हती. तरी रोज, वर्षानुवर्षं घ्यायची वस्तू कुठून येते, हे विचारण्याइतपत हा आकडा पुरेसा आहे.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगते, कारण तो वाचून कुणाचे तरी हाल वाचतील. आईला अनेक दिवस घट्ट होत होतं आणि मग अचानक पातळ, थोडं थोडं, कपड्यांत नकळत होऊ लागलं. तिचं जेवण गेलं, लघवी अडली, बोलणं असंबद्ध झालं. सगळ्यांना वाटलं, चूर्ण जास्त झालं, जुलाब थांबवायची गोळी द्यावी. तिची काळजी घ्यायला येणाऱ्या मावशी शाळा फार शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांनी अशी कितीतरी माणसं सांभाळली होती. त्या म्हणाल्या, “ताई, हे जुलाब नव्हेत. आत खडा बसलाय, त्याच्या बाजूनं पाणी येतंय. डॉक्टरांना बोट घालून बघायला सांगा.” डॉक्टरांनी तपासलं आणि तसंच निघालं. एनिमा द्यावा लागला. दोन दिवसांत आई पुन्हा माझ्याशी नीट बोलायला लागली. आत खडा असताना जुलाब थांबवणारी गोळी दिली तर अडकलेलं आणखी अडकतं, आणि तीव्र रेचक दिलं तर अडलेल्या जागेवर आतडं नुसतं आवळत राहतं आणि वेदना होतात. तिथे तोंडाने घ्यायच्या कुठल्याच चमच्याच्या आधी तपासणी लागते. म्हाताऱ्या माणसाच्या एकाएकी भ्रमिष्ट होण्यामागेही तुंबलेलं पोट असू शकतं, हे मला त्या मावशींनी शिकवलं.

मल काळा किंवा रक्ताचा पडला, वजन उतरू लागलं, रक्त कमी झालं, उलट्या होऊन पोट ताठ फुगलं, किंवा आयुष्यभर नियमित असलेल्या माणसाची सवय पन्नाशीनंतर एकदम बदलली, तर चूर्ण बाजूला ठेवून आधी डॉक्टर. इथे वाट बघू नये.

त्या प्रसंगानंतर आईची सगळी औषधं एका टेबलावर मांडली, डबीसकट. लोहाची गोळी गरज संपूनही चालू होती, ती डॉक्टरांनी थांबवली. सकाळच्या न्याहारीनंतरची वेळ तिच्यासाठी राखून ठेवली, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपसूक हलतं आणि सकाळी ते जास्त हलतं. कमोडवर बसताना पायाखाली बुटका पाट दिला, गुडघे कमरेच्या वर आले की खालचा मार्ग सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. दाराबाहेर कुणी ताटकळत उभं राहायचं नाही, असं ठरवलं. चूर्ण गेलं नाही, पण रोजचं राहिलं नाही. वैद्यांनी तिची प्रकृती बघून दिलेला त्रिफळा राहिला, आणि दोन-तीन दिवस कोरडे गेले तरच सेन्नाची गोळी, जिच्यावर किती मिलिग्रॅम सेनोसाइड आहे ते छापलेलं होतं.

चूर्णाच्या डबीवरही मला तेच हवं आहे. एका सपाट चमच्यात सोनामुखी किती, त्या सोनामुखीत सेनोसाइड किती, मीठ किती, ज्येष्ठमध किती. सलग किती दिवसांनंतर विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि लघवीची गोळी, डिगॉक्सिन, किडनीचा आजार किंवा गिळायचा त्रास असलेल्यांसाठीची सूचना, मोतीबिंदू झालेल्या माणसालाही वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरात, डबीच्या पुढच्या बाजूला.